आमटी-भाकरीचे कूळ

श्रावणातला सप्ताह जवळ आला की गोदाकाठच्या गावांत भाकरीची पाळी ठरते. पाळीच्या दिवशी घरोघर भाकरी थापल्या जातात, फडक्यात बांधून एका जागी जमतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचून मंडपाकडे निघतात. तिथे मोठाल्या कढयांत आमटी रटरटत असते. पंगतीत भाकरी कुस्करायची, वर बादलीतली आमटी घ्यायची. सरला बेटाच्या अखंड हरिनाम सप्ताहाचा हा महाप्रसाद.

श्रीरामपूर तालुक्याच्या कडेला, गोदावरीच्या पात्रात हे बेट आहे. इथल्या गंगागिरी महाराजांनी एकोणिसाव्या शतकात हा सप्ताह सुरू केला. साईबाबांचे मोठेपण लवकर ओळखणारे म्हणून ‘साईसच्चरिता’त ज्यांचा उल्लेख येतो, तेच हे गंगागिरी. सप्ताहाचे गाव दरवर्षी बदलते. २०२४ साली सिन्नर तालुक्यातल्या पंचाळे गावी १७७वा सप्ताह झाला. सात दिवस, सात रात्री भजन थांबत नाही. गावोगावची भजनी मंडळे पहारे वाटून घेतात.

या भाकरीचे मूळ मला भागवताच्या दशम स्कंधात दिसते. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ शिदोऱ्या सोडतात आणि कृष्ण त्यांच्या मधोमध बसून जेवतो. वारकऱ्यांनी त्या जेवणाचा काला केला. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात तो होतो आणि गावोगावच्या सप्ताहांची सांगता काल्याच्या कीर्तनानेच होते. लाह्या, दही, पोहे एकदा कालवले की कोणाचे काय, हे निवडता येत नाही. काल्याचा हाच न्याय सरला बेटाच्या सप्ताहाने रोजच्या पंगतीला लावला.

हा सप्ताह सुरू झाला तेव्हा कोणाच्या हातचे खायचे, हे जातीवरून ठरत असे. सर्वांभूती एकच ईश्वर, हे ज्ञानदेवांनी सरला बेटाच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात १२९० साली मराठीत सांगून ठेवले होते. पण विचार ग्रंथात असतो तोवर तो ऐकणाऱ्यापुरताच राहतो. घराघराला त्यात काम मिळाले, पीठ मळावे लागले, की त्याची रीत होते. ट्रॉलीत पडलेल्या भाकरीवर घराचे नाव नसते आणि पंगतीत ती कोणी विचारून घेत नाही.

मंडपात जी भाकरी निःशंक खाल्ली, ती थापणाऱ्या हातांना घरच्या लग्नाकार्यातही तोच मान द्यायला हवा. सप्ताह उठल्यावर जात पुन्हा विचारली जात असेल, तर प्रसाद पोटात गेला, पण त्यामागचा विचार मंडपातच राहिला.