जलरंगावरचा आळ

जलरंगात चूक सुधारता येत नाही, म्हणून हे माध्यम सर्वांत अवघड, आणि गुरूवाचून त्याच्या वाटेला जाऊ नये, असा पूर्वपक्ष आपल्याकडे चित्रकलेचे शिक्षक आणि रंगांचे दुकानदार सारख्याच खात्रीने मांडतात. गंमत अशी की एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांच्या हाती आपण पाण्यात कालवायचेच रंग देतो.

आधी रसायन पाहू. जलरंगातल्या रंगद्रव्याला धरून ठेवतो तो बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक, आणि हा डिंक वाळल्यावरही पाण्यात पुन्हा विरघळतो. ॲक्रिलिक एकदा वाळले की पाण्याला दाद देत नाही. सुकलेला तैलरंग खरवडावा तरी लागतो किंवा त्यावर नवा थर द्यावा लागतो. मग नुसत्या पाण्याने उचलता येणारे माध्यम कोणते? ज्याच्यावर आळ आहे तेच! अर्थात सगळे रंग सारखे निघत नाहीत. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात, ओल्या ब्रशने बरेचसे वर येतात. थॅलो ब्लू तंतूंना चिकटतो तो सहसा सुटत नाही. नवशिक्याच्या पेटीत तो नसला म्हणजे झाले.

मग हा समज आला कुठून? माझ्या मते, कागदातून. शाळेतल्या पातळ ड्रॉइंग शीटवर ओला ब्रश दोनदा घासला की लव सुटते, आणि खापर रंगाच्या माथी फुटते. कापसाच्या लगद्याचा, नीट सरेस दिलेला, ३०० जीएसएमचा कागद स्पंजची पुसापुशी निमूट सोसतो. शिकणाऱ्याला भारी रंग आणि हलका कागद घेऊन देण्याची आपली रीत नेमकी उलटी आहे.

प्रमाण हवे तर इंग्रज चित्रकार टर्नरचे घ्या. १८१८ साली फार्नली हॉलमध्ये त्याने एका सकाळीत युद्धनौकेचे जलरंगचित्र पुरे केले. यजमान वॉल्टर फॉक्स यांच्या मुलाने ते पाहिले. कागद चिंब होईपर्यंत रंग ओतायचा, मग घासायचे, ओरखडायचे, असा तो प्रकार होता. अचूक फटकाऱ्यांची सोवळी कल्पना तिथे कुठेच बसत नाही.

‘पण टर्नर अकादमीत शिकलेला!’ असे कोणी म्हणेल. शिकलेला खराच, पण रॉयल अकादमीच्या शाळेत तेव्हा रेखाटन शिकवत, रंगवणे नव्हे. वॉशवर, म्हणजे पातळ रंगाच्या थरावर, त्याचा हात बसला तो कलासंग्राहक डॉ. मन्रो यांच्या घरी, संध्याकाळी चित्रकार कझन्सच्या चित्रांच्या नकला करताना. सोबतचा तरुण चित्रकार गर्टिन रेषा काढी, टर्नर रंग भरी.

शिवाय ‘आता दुसरा रंग सोडा’ हा गुरूचा इशारा त्याच्या खोलीतल्या हवेपुरता खरा. श्रावणात कोकणात वॉश किती तरी वेळ ओलसर राहतो. मे महिन्यात नागपुरात तो खाली उतरेपर्यंत वरची कड वाळलेली असते. कागदावरची ओली चकाकी कधी मावळते, हे ज्याचे त्यानेच पाहायचे.

गुरूची गरज मी नाकारत नाही. छायाप्रकाशाचा तोल चुकला तर तो बहुधा दुसऱ्याच्याच डोळ्याला दिसतो. पण ती गरज तैलरंगवाल्यालाही तेवढीच आहे. आणि त्याला कोणी असे घाबरवत नाही.