कपाट आवरताना

दिवाळीआधी कपाट काढलं. ह्यांचा कोट, माझा शालू, विटक्या साड्या. सून म्हणाली, "आई, कामवाल्या मावशींना देऊन टाका." विटक्यांचा गठ्ठा बांधलासुद्धा!

मग ३१ जुलै १९२१ आठवला. (शिकवायची सवय जात नाही, काय करणार!) त्या दिवशी मुंबईत परळला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. पुण्यात १९०५ मध्ये सावरकरांनीही ती केली होती. तीसेक वर्षं मुलांकडून या तारखा पाठ करून घेतल्या. पण त्या ढिगात कुणाचं लग्नातलं लुगडं असेल, हे मनातही आलं नाही.

रवींद्रनाथांना हे जाळणं पटलं नव्हतं. देशात माणसं उघडी असताना कापड जाळायचं? ऑक्टोबर १९२१ मध्ये 'यंग इंडिया'त गांधीजींनी उत्तर दिलं. त्यात एक मुद्दा असा, की गरिबाला आपले उतरलेले कपडे देऊ नयेत, आपल्यातलं उत्तम द्यावं.

मी गठ्ठा सोडला. विटक्या साड्यांची पायपुसणी होतील. मावशींना चांगली इरकल दिली, ह्यांनी आणलेली. देताना हात जरा अडखळला, खोटं कशाला सांगू?

शालू अजून पलंगावरच आहे.