‘रेडी टू रंबल’ आणि पट्ट्याची किंमत
‘रेडी टू रंबल’ हा २००० सालचा अमेरिकन विनोदपट परवा पुन्हा पाहिला. विनोद अगदी संडासाच्या पातळीचा. नायकही मैला उपसणारे दोन कामगार. कुस्ती खरीच असते असं मानणारे! चित्रपट त्यांना येडपट ठरवतो, पण मालकाने दगा दिलेल्या पहिलवानाला पुन्हा उभं करतात ते हेच दोघे.

खरी कहाणी पडद्याबाहेर घडली. त्याच एप्रिलमध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीने चित्रपटाच्या जाहिरातीसाठी अभिनेता डेव्हिड आर्केटलाच जगज्जेता केलं. त्याला स्वतःला हे पटलं नव्हतं. मिळालेले पैसे त्याने ओवेन हार्टसारख्या दिवंगत कुस्तीगिरांच्या कुटुंबांना दिले. चाहते मात्र भडकले. निकाल आधी ठरतो, हे त्यांना ठाऊक होतंच. पट्ट्याचा मान मालकाने तरी राखावा, एवढीच अपेक्षा होती. मार्च २००१ मध्ये कंपनी प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. तोटा त्याआधीपासूनचा होता, हे खरं. पण चाहत्यांना येडपट समजण्यात चित्रपटापेक्षा कंपनीच पुढे होती.