हिमप्रदेशातील चांदमारी : हुकूम, खूण आणि शिस्त

‘चांदमारी’ या शब्दातील ‘चांद’ म्हणजे लक्ष्यफलकावरील वाटोळी खूण. हा शब्द मराठीत नेमबाजीच्या सरावाला लावतात, तसाच तो सराव जेथे चालतो त्या जागेलाही लावतात. अशा जागा आपल्याकडे बहुधा लष्करी छावण्यांच्या आसपास आढळतात. त्यामुळे चांदमारीची शिस्त ही मुळात लष्करी कवायतीचीच उपज होय, असा समज सहज होतो. युरोपच्या उत्तर भागाचा इतिहास पाहता हा समज अपुरा ठरतो. नॉर्वे आणि फिनलंड या देशांत सामुदायिक नेमबाजी हा दीर्घकाळ शेतकरी, लाकूडतोडे, शिक्षक, दुकानदार अशा नागरिकांचा मेळावा होता. आणि वर्षातील कित्येक महिने तो बर्फात भरत असे. ज्यांच्यात हुद्द्याची उतरंड नाही अशा माणसांचा समुदाय आणि रक्त गोठविणारी थंडी, या दोन गोष्टींनी तेथील शिस्तीला जे वळण लावले त्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

आरंभीचा पुरावा मात्र लष्करीच आहे. १७६७ मध्ये नॉर्वेच्या सरहद्दीवरील स्की-कंपन्यांसाठी बक्षिसांच्या स्पर्धांचे नियम ठरविण्यात आले. त्यांतील एका प्रकारात मध्यम उतारावरून स्कीवर घसरत जात असताना चाळीस-पन्नास पावलांवरील लक्ष्यावर गोळी झाडावयाची होती. हत्यार ठासणीचे होते. या हत्याराची एक गोष्ट सुरक्षिततेच्या दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी आहे. बार भरण्याची क्रिया लांबलचक आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत होई. दारू ओतणे, गज मारणे, कानात रंजक घालणे यांपैकी माणूस कोणत्या टप्प्यावर आहे हे शेजाऱ्याला पाहताच कळे, आणि एक बार उडाला की पुन्हा तोच सर्व खटाटोप करावा लागे. म्हणजे हत्याराची अवस्था सांगणारी भाषा वेगळी निर्माण करण्याची फारशी निकड नव्हती. हत्यार भरणाऱ्याच्या हालचालीच ती अवस्था सांगत.

मागून भरण्याच्या बंदुकीने हे चित्र पालटले. या बाबतीत नॉर्वे पुष्कळ देशांच्या पुढे होता. त्याच्या सैन्याने १८४२ मध्येच ‘कामरलाडर’ नावाची मागून भरावयाची बंदूक स्वीकारली. तिच्या बाजूचा दांडा फिरविला की काडतुसाचे घर वर उचलले जाई. ते उघडे आहे की मिटलेले हे काही अंतरावरूनही दिसे. १८९४ मध्ये आलेल्या क्राग-योर्गेनसेन रायफलीत प्रश्न अधिक नाजूक झाला. तिच्या उजव्या अंगास असलेल्या झडपेतून पाच काडतुसे आत सोडता येत, आणि त्यासाठी बोल्ट उघडण्याची गरज नसे. मिटलेला बोल्ट पाहून आत काय आहे ते सांगणे अशक्य होते. मिटलेली रायफल ही भरलेलीच मानावयाची आणि उघडी असेल तरच ती रिकामी असण्याचा संभव धरावयाचा, हा आजच्या प्रत्येक चांदमारीवरील पहिला नियम अशा हत्यारांमुळे अपरिहार्य झाला. उघडा बोल्ट हा यंत्राचा एक भाग राहिला नाही. तो एक विधान बनला.

हे विधान कोणासाठी करावयाचे होते? येथे संस्थांचा इतिहास पाहावा लागतो. १८६१ मध्ये नॉर्वेत शारीरिक व्यायाम आणि शस्त्रवापर यांच्या प्रसारासाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि त्याच वर्षी त्रिसिल या गावी नेमबाजी व स्की यांचे संयुक्त मंडळ निघाले. पुढे राजसत्ता आणि लोकप्रतिनिधींचे सभागृह यांच्यातील झगडा विकोपास गेला, तेव्हा उदारमतवादी पक्षाच्या आश्रयाने ‘लोकशस्त्रसज्जते’ची वेगळी मंडळे उभी राहिली. राजनिष्ठ मध्यवर्ती संस्था एका बाजूस, ही मंडळे दुसऱ्या बाजूस, आणि दोहोंच्याही हाती रायफली, अशी ती स्थिती होती. १८८४ मध्ये संसदीय राज्यपद्धतीचा विजय झाला, आणि १८९३ मध्ये दोन्ही प्रवाह एकत्र करून स्वयंसेवी नेमबाजीची एकच राष्ट्रीय संघटना करण्यात आली. कालपर्यंत परस्परांकडे संशयाने पाहणारी माणसे आता एकाच संघटनेच्या शिस्तीखाली शेजारीशेजारी ओणवी पडणार होती. ‘माझी रायफल रिकामी आहे’ हे शेजाऱ्याला तोंडाने सांगून भागणारे नव्हते, ते दाखवावयास हवे होते. या एकीकरणाचे राजकीय महत्त्व इतिहासकार सांगतात; त्यामुळे घडलेल्या शिष्टाचाराकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

नागरिकांच्या चांदमारीचा एक दंडक या संदर्भात फार बोलका आहे. गोळी झाडण्याचा हुकूम देण्याचा अधिकार एकाच व्यक्तीचा असतो. थांबण्याचा हुकूम मात्र कोणीही द्यावा, आणि तो सर्वांनी, अगदी मुख्य अधिकाऱ्यानेही, तत्काळ पाळावा. पहिले अर्ध सैनिकी, दुसरे निखळ नागरी होय. पंधरा वर्षांचा नवखा पोरही ‘थांबा’ म्हणाला तर रायफली खाली ठेवावयाच्या. तो का ओरडला याची चौकशी मागाहून.

परंतु ‘थांबा’ हा शब्द ऐकू यावा लागतो, आणि थंडीत नेमके तेथेच बिनसते. कानांवर लोकरी टोपी, त्यावर झालर, वारा समोरून. इंग्रजीतील ‘सीझ फायर’ या हुकुमात ‘झाडा’ या अर्थाचाच शब्द शेवटी येतो. पूर्वार्ध वाऱ्याने नेला तर उरते ते मूळ हुकुमाच्या नेमके विरुद्ध. फिनिश भाषेतील ‘तुली सेइस’ या हुकुमात ‘तुली’ म्हणजे अग्नी हा शब्द आधी आणि ‘सेइस’ म्हणजे थांबा हा शब्द शेवटी येतो. कानावर अखेरचा आघात निषेधाचाच होतो. ही सोय भाषेने आपसूक दिलेली आहे, कोणी योजलेली नव्हे. तरी ज्या भाषेला ती नाही तेथे आणीबाणीसाठी ‘स्टॉप’सारखा एकाक्षरी शब्द वेगळा राखणे हेच शहाणपणाचे होय.

थंडीचे दुसरे आक्रमण स्पर्शावर होते. बधिर बोटाला चाप केव्हा लागला हे उशिरा कळते, कधी बार उडाल्यावरच कळते. हातमोजा घालावा तर चापाभोवतीच्या कड्यात बोट मावत नाही. काढावा तर उघडे कातडे गोठलेल्या लोखंडाला चिकटते. तेल घट्ट होऊन पिनेचा आघात मंदावतो आणि बार फुसका जातो. तो खरोखर फुसका आहे की उशिरा पेटणारा आहे हे ठाऊक नसल्याने रायफल लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट स्तब्ध राहावे, मगच बोल्ट उघडावा, असा दंडक आहे. काकडणाऱ्या माणसाला ते अर्धे मिनिट किती दीर्घ वाटत असेल! नळीच्या तोंडात बर्फ शिरल्यास नळी फुगण्याची वा फाटण्याची भीती असते. ऊबदार खोलीत आणलेल्या रायफलीला घाम सुटतो, आणि ती पुन्हा बाहेर नेताच तो आतल्या आत गोठतो. त्यामुळे अनुभवी माणसे हत्यार रात्री बाहेरच्या थंड ओसरीतच ठेवतात.

हे ज्ञान किती मोलाचे होते ते फिनलंडच्या हिवाळी युद्धात दिसून आले. ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या काळात पारा काही वेळा उणे ४० अंशांपर्यंत उतरला. सोव्हिएत तुकड्यांची पुष्कळ हत्यारे घट्ट झालेल्या वंगणामुळे निकामी होत; फिनिश सैनिक आपली हत्यारे जवळजवळ कोरडी पुसून ठेवीत. यांपैकी अनेकांचे शिक्षण ‘सुओयेलुस्कुन्ता’ या नागरी रक्षक दलाच्या सरावात झाले होते. १९१८ च्या यादवीतून पुढे आलेले हे दल १९४४ मध्ये विसर्जित झाले. सिमो हाय्हा हा शेतकरी याच दलाचा, स्पर्धांत बक्षिसे मिळविणारा नेमबाज. दुर्बिणीच्या भिंगावर दव साचते आणि डोके अधिक वर उचलावे लागते, म्हणून तो साध्या माशीवर नेम धरी. नळीपुढचा बर्फ तो दाबून घट्ट करी, म्हणजे बाराने भुगा उडून जागा उघडी पडत नसे. त्याच्या कीर्तीचे वर्णन करताना ज्या रविवारच्या सरावांत अशी सावधगिरी अंगवळणी पडली त्यांचा विसर पडतो, हे योग्य नव्हे. त्या दलाच्या मोसिन जातीच्या रायफलीचा सुरक्षा-खटका इतका ताठ होता की हातमोज्याने तो फिरविणे जवळजवळ अशक्यच. भिस्त यंत्रावर न ठेवता उघड्या बोल्टवर आणि नळीच्या दिशेवरच ठेवावी लागे.

ऐकणे आणि स्पर्श ही दोन्ही इंद्रिये अशी लुळी पडल्यावर उरते ती दृष्टी. लक्ष्याखालच्या खंदकात बसून काठीवरील चकतीने गोळी कोठे लागली ते दाखविणाऱ्या दर्शकाचा जीव याच दृष्टीवर अवलंबून होता. त्याच्या बाजूने वर झालेले लाल निशाण नेमबाजांना ‘झाडू नका’ असे सांगे. मैदानाच्या कडेला लावलेले तसेच लाल निशाण वाटसरूंना ‘येथे गोळ्या चालू आहेत’ असे सांगे. कापड एक, अर्थ जवळजवळ उलटे. अर्थ ठरतो तो निशाण कोठे आहे आणि पाहणारा कोण यावरून. मराठीत तर ‘निशाण’ म्हणजे झेंडाही आणि नेम धरण्याची खूणही, हा योगायोग गमतीचा आहे.

महायुद्धानंतर या परंपरेला ‘बायअ‍ॅथलॉन’ या क्रीडाप्रकाराचे रूप आले. पहिली जागतिक स्पर्धा १९५८ मध्ये ऑस्ट्रियातील झालफेल्डन येथे झाली. १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा क्लास लेस्टान्डर वीसपैकी वीस नेम साधून विजयी झाला. स्कीच्या वेगात तो अव्वल नव्हता. १९७८ मध्ये मोठ्या काडतुसाची रायफल जाऊन .२२ ची आली आणि अंतर ५० मीटरवर स्थिर झाले. रायफलीच्या नळीच्या तोंडावर आणि माशीवर बर्फासाठी झाकणे असतात. पाठीवर रायफल घेऊन धावताना काडतूस घरात असता कामा नये, लावलेल्या मॅगझिनमध्येही नाही. हवेचे तापमान उणे २० अंशांखाली गेल्यास स्पर्धा भरवीत नाहीत. अंतिम रेषेपाशी दमून कोसळलेल्या खेळाडूचीही रायफल उघडून अधिकारी आत पाहतो. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

चकती दाखविणारा दर्शक आता मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला आहे. बायअ‍ॅथलॉनमध्ये नेम लागताच काळे लक्ष्य पांढरे होते, आणि अन्यत्र विद्युत-यंत्रणा गोळीची जागा पडद्यावर दाखविते. मात्र आंतरराष्ट्रीय नेमबाजीच्या नियमांनी काडतुसाच्या रिकाम्या घरात झगझगीत नारिंगी रंगाचे छोटे निशाण खोवणे बंधनकारक केले आहे. ते घरात असेतोवर बोल्ट मिटत नाही.