आरोग्य-मार्गदर्शन, ऑनलाइन
आहार-व्यायामाच्या सवयी लावण्यासाठी मोबाइलवरून मिळणारा सल्ला व पाठपुरावा. मराठीतले ठळक उदाहरण डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेचे. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारांवर बेतलेली ही पद्धत : कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवण, शिवाय ४५ मिनिटे चालणे. मधल्या वेळी पाणी, पातळ ताक चालते. शंकानिरसन व्हॉट्सॲप गटांवर, विनामूल्य. ही पद्धत पाळताना मुंबईत कामाला जाणाऱ्या वसई-विरारच्या नोकरदाराला नडते ती भूक नव्हे, वेळ. विरार-चर्चगेट अंतर सुमारे ६० किमी. जाण्यायेण्यातच तीन-चार तास जातात, मग चालणे राहते. पथ्यही मोडते ते बहुधा लोकलच्या डब्यातल्या ग्रुपमध्ये कुणाच्या वाढदिवसाचा पेढा पुढे आला की. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.