इंग्लंडमधील क्रॉटल घंटिका : इतिहासाचे साधन म्हणून एक विचार

प्रस्तावना :
इतिहासलेखनात नाणी, ताम्रपट व शिलालेख यांना मिळालेले स्थान दैनंदिन वापरातील किरकोळ धातुवस्तूंना क्वचितच लाभले. इंग्लंडमधील नांगरटीच्या शेतांत धातुशोधक यंत्राने सापडणाऱ्या ‘क्रॉटल’ घंटिका अशाच उपेक्षित वस्तू होत. आपल्याकडील बैलांच्या घुंगुरमाळेतील घुंगरांशी त्यांचे साम्य सहज लक्षात येते. या घंटिका साधन म्हणून कितपत विश्वसनीय ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरूप व कालनिश्चिती :
पोकळ गोल, वर अडकविण्याची कडी, खाली ध्वनीसाठी चीर आणि आत सुटी, बहुधा लोखंडी गोळी, अशी त्यांची रचना असते. मध्ययुगातील अनेक घंटिका पत्र्याचे दोन अर्धगोल जोडून केलेल्या आढळतात. पुढे एकसंध ओतीव घंटिका रूढ झाल्या. घोड्यांचा साज, मालवाहू गाड्या व मेंढरे यांसाठी त्यांचा वापर होई. काहींवर ओतणाऱ्याची आद्याक्षरे असतात. ‘आर डब्ल्यू’ ही अक्षरे विल्टशायरमधील ऑल्डबोर्न येथील रॉबर्ट वेल्स यांच्या अठराव्या शतकातील ओतशाळेची मानली जातात.

साधनाच्या मर्यादा :
आद्याक्षरे घडणीचा काळ सांगतात, हरवण्याचा नव्हे; टिकाऊ घंटिका पिढ्यान्‌पिढ्या वापरात राहू शकते. शिवाय नांगरामुळे मातीचे थर विस्कटलेले असल्याने सापडल्याचे अचूक स्थान हाच बहुधा एकमेव संदर्भ उरतो. तो नोंदविला नाही, तर घंटिका केवळ शोभेची वस्तू होते. अनेक नोंदी नकाशावर मांडल्यास जुने मार्ग व कुरणे यांविषयी अनुमान करता येते. मात्र शोधकांनी अधिक फिरलेल्या शेतांतूनच अधिक नोंदी येतात, याचेही भान हवे.

कायदा व नोंदणी :
1996 च्या ट्रेझर ॲक्टचा भर सोने, चांदी व निधीसमूहांवर होता. 2023 मध्ये त्याची व्याप्ती वाढली, तरी ती अपवादात्मक महत्त्वाच्या वस्तूंपुरतीच. त्यामुळे सामान्य घंटिकेची नोंद शोधकाच्या इच्छेवर अवलंबून आहे. अशा ऐच्छिक नोंदींसाठी 1997 मध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम सुरू झाली. भारतातील 1878 च्या निखात निधी अधिनियमातही दहा रुपयांहून अधिक मूल्य हीच कसोटी आहे.

निष्कर्ष :
किरकोळ वस्तूचे मोल तिच्या धातूत नसून तिच्या नोंदीत असते. कायदा जिथे मूल्य मोजून थांबतो, तिथे सामान्य माणसाच्या प्रामाणिक नोंदीवरच इतिहासकाराला विसंबावे लागते.