पळसाच्या पानापासून पिठाच्या पिशवीपर्यंत



आपलं वडपे मुंबई-नाशिक रस्त्यावरचं गाव. आजूबाजूला गोदामं, आणि गोदामातला बहुतेक माल प्लास्टिकात गुंडाळलेला. आपल्या गटाचा पापडसुद्धा त्याच पिशवीत जातो. उद्या कुणी "ही पिशवी कुजते" असं सांगून जास्त भावाने विकायला आला, तर पैसे गटाचे जाणार. म्हणून आज या पिशवीचा इतिहास सांगते.

आपल्या आज्यांच्या वेळी बांधायचं सामान रानातून यायचं. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, मटण-मासळीला सागाचं पान, पानगीला केळीचं, पातोळ्यांना हळदीचं. ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी बाया पानांचे भारे डोक्यावर घेऊन शहराच्या बाजारात जायच्या. त्यांच्या घराला त्याचा आधार होता. वापरलेलं पान उकिरड्यात जायचं, त्याचं खत व्हायचं. वाण्याकडे रद्दीची पुडी असायची. पण छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला मनाई केली.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये, दुसराच प्रयोग चालू असताना, अचानक हाती लागलं. आज भाजीवाल्याकडे मिळते तशा बंदांच्या पिशवीचं पेटंट स्वीडनच्या एका कंपनीला १९६५ साली मिळालं. पिशवी हलकी, स्वस्त आणि पाणी न शिरणारी. ती घरोघर गेली आणि पानाच्या भाऱ्याचं गिऱ्हाईक तुटत गेलं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गटारं आणि नाले तुंबायला प्लास्टिकचा हातभार होता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. राज्याने २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या बंद केल्या. २३ मार्च २०१८ ला मोठी प्लास्टिकबंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या.

मग कुजणाऱ्या पिशव्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. खरं तर ही कल्पनाही जुनीच. लाकडाच्या लगद्यापासून सेलोफेनचा पारदर्शक कागद शंभर वर्षांपूर्वीच निघाला होता. १९२६ साली फ्रान्सच्या लेमवान्य नावाच्या शास्त्रज्ञाला जिवाणूंच्या पोटात प्लास्टिकसारखा पदार्थ सापडला. आता मका, ऊस, समुद्री शेवाळ, कोळंबीची टरफलं यांपासूनही पातळ पडदे बनवतात.

यातला एक प्रकार तुम्हाला शिकवायलाच नको. तांदळाचं पीठ शिजवून आपण फेण्या घालतो. पातळ पसरतो, वाळवतो, की आरपार दिसणारी चकती सुटून येते. स्टार्चचा पडदा असाच होतो. फक्त तो तडकू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात. त्याची खोडही फेणीसारखीच, पावसाळी हवेत सादळतो. म्हणून नुसत्या स्टार्चच्या पिशवीत पापड भरला, तर आषाढात तो मऊ पडेल, बुरशी धरेल आणि गिऱ्हाईक परत येणार नाही. ओल अडवायची, तर त्यात दुसरे पदार्थ मिसळावे लागतात. त्याने किंमत वाढते.

दुसरी गोष्ट, "कुजते" म्हणजे कुठं कुजते? मक्याच्या पीएलए प्लास्टिकला साधारण ५८ अंशांची ऊब लागते. ती मोठ्या खत प्रकल्पात मिळते. शेताच्या बांधावर किंवा ओढ्यात टाकलेली अशी पिशवी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. काही पिशव्या तर कुजत नाहीत, नुसते बारीक तुकडे होतात, आणि ते तुकडे मातीतच राहतात.

तेव्हा पिशवी घेताना तिच्यावर 'कंपोस्टेबल' हा शब्द, बनवणाऱ्याचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक बघा. नसेल तर घेऊ नका. असली, तरी आधी दहाच पिशव्या घ्या. त्यात पापड भरून पावसाळ्याचा महिनाभर फळीवर ठेवा, मगच गटाच्या बैठकीत ठरवा. आणि हळदीकुंकवाला, लग्नाला, जत्रेला जिथं त्याच दिवशी खायचं असतं, तिथं पिशवी कशाला? पळसाची पत्रावळ अजून हाताशी आहे, आणि ती लावणारे हातही आपल्यातच आहेत.